बर्फाची आगोट

अमेरिकेच्या बर्फाळ ईशान्येत घर बघायला गेलात की एजंट तुम्हाला ओट्यावरचा ग्रॅनाइट दाखवतो, मागचा ओढा दाखवतो, अंगणातली मेपलची झाडं दाखवतो. तुम्ही त्याला एकच विचारा: जानेवारीत वीज गेली तर या घरात काय काय चालू राहतं?

बहुतेक घरांत खरं उत्तर असतं, काही नाही. फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी, तेलावर चालो की प्रोपेनवर, त्याची ठिणगी, पंखा आणि पंप विजेवरच असतात. पेलेट स्टोव्हमध्ये लाकडाच्या भुशाच्या गोळ्या ढकलायला मोटर लागते. हीट पंप तर सरळसरळ विजेचाच. पाणी बोअरवेलचं, आणि त्याचा पंप जमिनीत खोल बसलेला, तोही विजेवर. म्हणजे एक फांदी तारेवर पडली की ऊब, पाणी, फ्लश, वायफाय आणि बऱ्याच घरांत फोनसुद्धा एकदम जातो. शहरातल्या फ्लॅटमध्ये वीज जाणं म्हणजे अंधार. इथे वीज जाणं म्हणजे घर गोठायला सुरुवात.

मी मूळची संगमेश्वरकडची. आता राहते अमेरिकेत, व्हरमाँट राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात. या भागाला लोक नॉर्थईस्ट किंग्डम म्हणतात. जानेवारीच्या रात्री उणे २० सेल्सिअस झालं तर इथे कुणी त्याबद्दल बोलतही नाही. इथल्याच ब्लूमफील्ड नावाच्या गावी ३० डिसेंबर १९३३ रोजी उणे ५० फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ उणे ४६ सेल्सिअस नोंदलं गेलं, आणि राज्याचा तो विक्रम अजून मोडलेला नाही. घरून काम करता येतं म्हणून बॉस्टन-न्यूजर्सीकडची आपली मंडळी हल्ली इकडे घरं घेतात, आणि घेतात ती ऑक्टोबरातली लाल-पिवळी पानं बघून. हे सगळं त्यांच्यासाठी लिहिते आहे. कोकणात मिरगाच्या आधी आगोटीची बेगमी करतात, सरपण पडवीत रचतात, सुकी मासळी डब्यात भरतात, झापं बांधतात. इथे तेच करायचं, फक्त सप्टेंबरात आणि सहा महिन्यांसाठी.

ऊब: एक विजेची, एक बिनविजेची

फर्नेस काढून टाकू नका. पण त्याच्या जोडीला साधा वुडस्टोव्ह हवाच, ओतीव लोखंडाचा, पंख्याशिवाय घर तापवणारा आणि वर दोन पातेली मावतील असा सपाट. काचेचा दरवाजा छान दिसतो, असू द्या. शोभेच्या उघड्या फायरप्लेसच्या भरवशावर मात्र राहू नका. तिथली निम्म्याहून जास्त ऊब धुराड्यातून वर जाते आणि जाताना घरातली गरम हवाही ओढून नेते.

लाकूड इथे कॉर्डच्या मापाने विकतात. चार फूट रुंद, चार फूट उंच, आठ फूट लांब अशी नीट रचलेली चळत, म्हणजे १२८ घनफूट. ट्रकने अंगणात ओतलेला ढीग डोळ्यांना नेहमीच जास्त वाटतो, म्हणून रचून झाल्यावर फूटपट्टी लावा आणि कमी भरलं तर त्याच आठवड्यात फोन करा. बेताच्या आकाराचं घर मुख्यतः लाकडावर चालवायचं तर चार-पाच कॉर्ड धरून चाला. शुगर मेपल, यलो बर्च, बीच आणि ॲश ही इथली चांगली जळाऊ लाकडं. पाइन, स्प्रूस पेटवणीला ठीक, रात्रभराला नाही. लाकूड आसपासचंच घ्या. ॲशची झाडं पोखरून मारणारा एमराल्ड ॲश बोरर नावाचा हिरवा किडा २०१८ मध्ये या राज्यात सापडला. तो सरपणातून फिरतो, म्हणून बाहेरच्या राज्यातून ओंडके आणू नयेत.

विकणारा 'सीझन्ड', म्हणजे सुकवलेलं, म्हणेल. त्याचं ऐकून घ्या आणि मग स्वतः बघा. ताज्या लाकडात वजनाच्या जवळपास निम्मं पाणी असू शकतं. जाळायला ते २० टक्क्यांच्या खाली यायला हवं. ओलावा मोजायचं छोटं यंत्र हार्डवेअरच्या दुकानात स्वस्त मिळतं. ओंडका नव्याने फोडून आतल्या बाजूला सुया टोचायच्या, बाहेरून टोचलं तर यंत्र खोटंच सांगणार. यंत्र नसेल तर दोन तुकडे एकमेकांवर आपटा. सुकलेलं टण्ण वाजतं, ओलं थप्प. फोडलेलं लाकूड निदान एक उन्हाळा, जमलं तर वर्षभर सुकू द्या, ओक असेल तर दोन वर्षं. चळत जमिनीवर नको, खाली लाकडी फळ्यांचं पॅलेट टाका. वरून पत्रा किंवा ताडपत्री, बाजू मात्र उघड्या. सगळी चळत ताडपत्रीत गुंडाळून ठेवणारे शेजारी मला दिसतात. ते लाकूड सुकत नाही, कुजतं.

पेटवायची इथली पद्धत माझ्या आजीला पटली नसती. चुलीत आपण खाली काटक्या आणि वर जाड लाकूड घालतो. इथे उलट: तळाशी जाड ओंडके, त्यावर मध्यम, त्यावर झिलप्या, आणि अगदी वर पांढऱ्या बर्चची साल. ही साल ओली असली तरी भसकन पेटते. जाळ वरून खाली उतरत जातो, धूर कमी होतो, फुंकणी लागतच नाही. धुराडं घराच्या बाहेरच्या भिंतीला असेल तर थंडीत त्यातली हवा जड होऊन खाली बसते आणि पहिला धूर थेट घरात येतो. अशा वेळी आधी एक वर्तमानपत्राचा बोळा धुराड्याच्या तोंडाशी जाळून ते तापवून घ्या.

आता खरी धोक्याची गोष्ट. रात्री सरपण पुरावं म्हणून लोक स्टोव्हची हवा पार बंद करतात आणि आत ओलं लाकूड कोंडतात. तो धुमसतो. थंड धुराड्यात धूर थिजून काळा, डांबरासारखा थर चढतो, त्याला क्रिओसोट म्हणतात. पुढे एखाद्या दिवशी मोठा जाळ केला की तोच थर धुराड्यात पेट घेतो. त्यामुळे आधी पंधरा-वीस मिनिटं जाळ चांगला भडकू द्या, मगच हवा थोडी कमी करा. धुराड्याच्या नळीवर चिकटणारा तापमापक लावा, तो बघायची सवय लागते. धुराडं वर्षातून एकदा साफ करून घ्यायचं आणि त्यासाठी माणसाला उन्हाळ्यातच सांगून ठेवायचं. ऑक्टोबरात सगळ्या गावाला तो एकदमच आठवतो. धुराड्यातून घोंघावण्याचा मोठा आवाज आला तर स्टोव्हची हवा बंद करा, घरातली सगळी माणसं बाहेर काढा आणि ९११ ला फोन करा. पाणी ओतत बसू नका.

राखेसाठी झाकणाची लोखंडी बादली. राखेतले निखारे दिवसच्या दिवस जिवंत राहतात, म्हणून ती बादली लाकडी डेकवर किंवा गॅरेजमध्ये नाही, बाहेर उघड्या जमिनीवर किंवा दगडावर, घरापासून लांब. पूर्ण गार झालेली राख टाकून देऊ नका. पायवाटेवरच्या बर्फावर भुरभुरली की पाय घसरत नाही. दारात पायपुसणं जाड ठेवा म्हणजे झालं.

कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांजवळ हवेत. त्या वायूला ना रंग ना वास. प्रोपेनच्या फर्नेसचा धूर बाहेर टाकणारा पांढरा पाइप भिंतीतून गुडघ्याएवढ्या उंचीवर निघालेला असतो. वादळानंतर आधी तो मोकळा आहे का बघा, मग चहा ठेवा.

जनरेटर घेतलात तर तो उघड्यावर, घरापासून सहा-सात मीटर लांब आणि खिडक्या-दारांकडे धूर येणार नाही असा ठेवायचा. गॅरेजचं दार उघडं ठेवून आत चालवायचा, हे चालत नाही. लोक यानेच मरतात. आणि घराच्या वायरिंगला जोडायचा तर इलेक्ट्रिशियनकडून ट्रान्सफर स्विच बसवून घ्या, नाहीतर तुमची वीज उलटी तारेत जाते आणि खांबावर चढलेल्या कामगाराला मारते. आमचा जनरेटर छोटाच आहे. पाण्याचा पंप, फर्नेस आणि फ्रीजर, एवढंच त्याच्यावर चालतं, आणि तेही सतत नाही. टीव्हीवाचून कुणाचं अडत नाही.

स्वयंपाकाची प्रोपेन शेगडी वीज गेल्यावरही काडी ओढून पेटते. ओव्हन बहुतेक नाही. ती ऊबेसाठी कधीही चालू ठेवू नका.

पाणी

लोडशेडिंगमध्ये वाढलेल्यांना हे शिकवावं लागत नाही: वादळाची सूचना आली की भांडी भरून ठेवा. पिण्याचं वेगळं. बाथटब भरला की फ्लशची सोय झाली. टाकीत पाणी नसलं तरी पाच-सहा लिटर बादलीने एकदम भांड्यात ओतलं की काम होतं, आपल्याला ठाऊकच आहे. इथल्या माणसांना मात्र सांगावं लागतं. बर्फ वितळवून पाणी करू, या भरवशावर राहू नका. भुसभुशीत ताज्या बर्फाच्या दहा बादल्या वितळवल्या की जेमतेम एक बादली पाणी हाती येतं, आणि सरपण जळतं ते वेगळंच.

पाइप गोठणं ही दुसरी बाब. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, त्यात तांब्याचा पाइपही फाटतो. फाटतो तेव्हा कळत नाही, वितळल्यावर बेसमेंटमध्ये तळं झालं की कळतं. म्हणून घरात पाऊल टाकल्या दिवशी मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते बघा, त्याला लाल फडकं बांधा आणि घरातल्या प्रत्येकाकडून, मुलांकडूनही, एकदा बंद करून घ्या.

एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. वुडस्टोव्ह दणकून चालू असतो, थर्मोस्टॅट त्याच खोलीत असतो, त्याला वाटतं घर गरम आहे, म्हणून फर्नेस लागतच नाही. आणि तिकडे घराच्या दुसऱ्या टोकाला बाहेरच्या भिंतीतून गेलेला न्हाणीघराचा पाइप गुपचूप गोठतो. कडाक्याच्या रात्री फर्नेस अधूनमधून मुद्दाम चालू करा. सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवा. बाहेरच्या भिंतीला लागून असलेला घरातला नळ थेंब-थेंब सोडायचा उपाय सगळे सांगतात. तो अगदीच वाईट रात्रीपुरता ठेवा, रोजचा नको, कारण तीच बारीक धार सेप्टिकच्या पाइपात जाऊन तिथे गोठू शकते.

गोठलाच तर नळ उघडा, आणि हेअरड्रायरने नळाच्या टोकाकडून सुरुवात करून मागे मागे जा. ब्लोटॉर्चचा जाळ लावणारे बहाद्दर असतात. भिंतीतलं जुनं लाकूड किती पटकन पेटतं ते त्यांना नंतर समजतं.

बोअरपासून घरापर्यंतचा पाइप आणि सेप्टिकची टाकी जिथे पुरली आहे तिथला बर्फ काढू नका, तुडवू नका, त्यावरून गाडी तर नकोच. साचलेला बर्फ जमिनीचं पांघरूण असतो. तो दाबला की थंडी खाली उतरते. बर्फ पडायच्या आधी कोरडी थंडी आली तर सेप्टिकवर पानांचा किंवा गवताचा जाड थर पसरून ठेवा.

वाट, पाय, गाडी

नोव्हेंबरात जमीन गोठायच्या आत ड्राइव्हवेच्या दोन्ही कडांना उंच काठ्या ठोका, टोकाला चमकती पट्टी लावून. डिसेंबरात ठोकायला गेलात तर जमीन काठी घेत नाही. काठ्या नसतील तर प्लाउवाला, म्हणजे गाडीने बर्फ ढकलणारा, अंधारात तुमची फुलझाडं आणि कदाचित सेप्टिकचं झाकणही सोबत घेऊन जाईल. प्लाउवाल्याशी बोलणं ऑक्टोबरातच करा आणि आधी विचारा, किती इंच पडल्यावर येतोस?

फावड्याने बर्फ काढणं हा व्यायाम नव्हे. थंडीत रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, सकाळी उठल्या उठल्या जोर लावला की हृदयावर ताण येतो, आणि आपल्या लोकांत हृदयाची दुखणी तशीही लवकर येतात. उचलू नका, ढकला. एकदम सगळं नको, पडत असतानाच दोन-तीनदा थोडं थोडं काढा. मार्चमधला ओला बर्फ जानेवारीतल्यापेक्षा कितीतरी जड असतो. पन्नाशी ओलांडलेल्यांनी माणूस लावावा, त्यात कमीपणा नाही. बर्फ उडवणारं यंत्र, स्नोब्लोअर, तुंबला तर बंद केल्यावरही हात घालू नका. आत अडकलेला जोर सुटतो आणि पातं फिरतं. काठीने साफ करा.

मीठ सगळे टाकतात. साधं मीठ उणे नऊ-दहाच्या खाली फारसं काम करत नाही, म्हणजे इथे ज्या दिवसांत ते हवं असतं नेमक्या त्याच दिवसांत. बोअरवेलच्या आसपास तर टाकूच नये. वाळू किंवा राख बरी. बुटांना खालून अडकवायचे लोखंडी दाते प्रत्येकाला घेऊन द्या आणि दाराशीच टांगा, कारण मेलबॉक्सपर्यंत जायला कोण शोधत बसणार. पडलेला बर्फ नव्हे, जानेवारीत मधेच दोन दिवस ऊन पडून पुन्हा गोठलेला बर्फ हाडं मोडतो. सासूबाई भारतातून आल्या की त्यांना हे दाते आणि एक काठी दिल्याशिवाय मी दार उघडू देत नाही.

गाडीला चारही स्नो टायर, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. चारही चाकांना जोर देणारी गाडी चढ चढून जाते, पण थांबवायला टायरच लागतात. टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. काच धुण्याचं पाणी उणे २९ पर्यंत न गोठणारंच भरा. डिकीत फावडं, घोंगडी, वाळूची पिशवी, टॉर्च, चिक्की. रस्त्यात अडकलात तर गाडीतच बसा. इंजिन अधूनमधून दहा मिनिटं चालवा, पण त्याआधी प्रत्येक वेळी उतरून मागच्या धुराच्या नळीपुढचा बर्फ बाजूला करा.

फोनचं म्हणाल तर डोंगरांत मोबाइलला रेंज नसते, सगळे वायफायवरून बोलतात. तांब्याच्या तारेचा जुना लँडलाइन अजून मिळत असेल तर ठेवा. नसेल तर मोडेमला बॅटरी जोडा.

छपराची वळचण

वळचणीला लटकणाऱ्या बर्फाच्या पागोळ्या फोटोत सुंदर दिसतात. त्यांचा अर्थ असा की माळ्यातून ऊब निसटते आहे: छपरावरचा बर्फ खालून वितळतो, पाणी कडेपर्यंत येतं, तिथे छप्पर थंड असल्यामुळे गोठतं, बांध तयार होतो. मग मागे साचलेलं पाणी कौलांखालून घरात शिरतं. लांब दांड्याच्या दंताळ्याने खालच्या चार-पाच फुटांवरचा बर्फ ओढून काढायचा, जमिनीवर उभं राहून, आणि तारा जवळ असतील तर नाहीच. शिडी लावून कुऱ्हाडीने बांध फोडायचा नाही. यावरचा खरा उपाय उन्हाळ्यात करायचा: माळ्याच्या जमिनीवर इन्सुलेशन आणि फटी बुजवणं. नव्या स्वयंपाकघरावर घालायचे पैसे आधी तिथे घाला.

अंगावर काय

थोडक्यात: सुती नको. घाम शोषून ओलंच राहतं आणि अंग गार पडतं. आतून लोकर, मधे जाड, बाहेर वारा अडवणारं. बोटांच्या हातमोज्यांपेक्षा पिशवीसारखे मिटन गरम. बूट एक नंबर मोठे, कारण घट्ट बुटात रक्त फिरत नाही. नाकाचा शेंडा किंवा कान पांढरा पडला, बधिर झाला तर चोळू नका. घरात या आणि कोमट पाण्याने हळूहळू ऊब द्या. उणे २० ला नाकातले केस आत घेतलेल्या श्वासाबरोबर चिकटतात. घाबरू नका, सगळ्यांचेच चिकटतात.

स्वयंपाकघर

इथे मात्र मजा आहे. वुडस्टोव्ह म्हणजे दिवसभर तापलेला तवा. माझ्याकडे वीज गेलेल्या रात्रीचा बेत ठरलेला आहे: कुळथाची पिठी, भात, भाजलेला पापड आणि निखाऱ्यावर धरलेले सुके बोंबील. कुळथाचं पीठ, कोकमं, सुके सोडे, पोहे, मेतकूट यांना फ्रीज लागत नाही, हे आपल्या आज्यांनी पावसाळ्यासाठी ठरवलं होतं, ते इथेही कामाला येतं. वांगं निखाऱ्यात पुरून केलेलं भरीत गॅसवर होत नाही, आणि रताळीही तशीच. राख झटकून खायची.

दही लागत नाही अशी तक्रार सगळ्यांची. विरजण लावून भांडं स्टोव्हच्या वर नव्हे, शेजारच्या फळीवर, हात ठेवला तर कोमट लागेल अशा जागी ठेवा. आंबोळीचं पीठही तिथेच फुगतं. खोबरेल तेलाची बाटलीही तिथेच, नाहीतर न्हायच्या दिवशी चमच्याने खरवडावं लागतं.

वीज गेली तर भरलेला फ्रीजर न उघडता जवळजवळ ४८ तास टिकतो, अर्धा भरलेला २४ तास. म्हणून रिकामी जागा पाण्याच्या बाटल्यांनी भरून ठेवा. बाहेर एवढं गार असताना सामान बर्फात पुरू, असं वाटतं. पण पुरलेल्या सुरमईचा वास रॅकूनला तुमच्याआधी लागतो. बंद गाडी हे इथलं सगळ्यात मोठं शीतकपाट, फक्त काचेच्या बरण्या नकोत, फुटतात.

घरातली हवा इतकी कोरडी होते की टाचा फाटतात, नाकातून रक्त येतं, आणि स्वेटर काढताना ठिणग्या उडतात. स्टोव्हवर पाण्याचं पातेलं कायम ठेवा. ओले कपडे ड्रायरमध्ये न घालता घरातच दोरीवर वाळवा, स्टोव्हपासून मीटरभर लांब. कपडे वाळतात आणि हवाही ओली होते.

दिवस लहान होतात तेव्हा

डिसेंबरच्या शेवटी सूर्य सव्वाचारच्या सुमारास बुडतो, दिवस पुरता नऊ तासांचाही नसतो. अंधाराने मन खचतं, हे खोटं नाही. आणि यात कामसू माणसं आधी सापडतात, कारण ती दिवसाउजेडी खिडकीकडे पाठ करून स्क्रीनसमोर बसलेली असतात. दुपारी बाराला कितीही गार असो, अर्धा तास बाहेर पडा. डॉक्टरांना विचारून व्हिटॅमिन डी घ्या. पक्ष्यांना सूर्यफुलाच्या बिया टांगा, चिकाडी नावाचे मूठभर आकाराचे पक्षी हातावर येऊन बसतात. मार्चअखेर मात्र ते टांगणं काढायचं, कारण अस्वलं उठतात आणि त्यांनाही त्याच बिया आवडतात.

आणि शेजार. इथली माणसं गप्पिष्ट नाहीत, पण पलीकडचे दूधवाले आजोबा रोज सकाळी आमच्या धुराड्याकडे बघतात. धूर दिसला नाही तर फोन येतो, "सगळं ठीक ना?" एवढंच, पुढे शब्द नाही. तुम्हीही तसं बघत जा. मार्चच्या पहिल्या मंगळवारी बहुतेक गावांत टाउन मीटिंग असते. रस्त्यांवरचा खर्च, नवा प्लाउ, शाळेचं बजेट, सगळ्यावर गावकरी हात वर करून मत देतात. तिथे जा. हिवाळ्यात कुणाकडे ट्रॅक्टर आहे आणि कुणाकडे जनरेटर, हे तिथे एका दुपारी कळतं. जाताना काहीतरी डब्यात न्या. माझे डिंकाचे लाडू आधी संशयाने खाल्ले गेले, आता विचारून मागतात.

जानेवारी १९९८ च्या ५ ते १० तारखांना कॅनडातल्या क्युबेकपासून अमेरिकेतल्या मेन राज्यापर्यंत गोठणारा पाऊस पडला, झाडं आणि विजेचे मनोरे बर्फाच्या ओझ्याने कोसळले, काही भागांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. इथले म्हातारे अजून ते बोलतात. आणि बोलतात ते बर्फाबद्दल कमी, कुणाच्या घरी स्टोव्ह होता आणि कुणाकडे किती जण झोपले, याबद्दल जास्त.

२ फेब्रुवारीचा हिशेब

न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या या ईशान्य टोकाच्या राज्यांतल्या, शेतकऱ्यांचा जुना ठोकताळा आहे: कँडलमासला, म्हणजे २ फेब्रुवारीला, निम्मं लाकूड आणि निम्मा चारा शिल्लक हवा. दिवस मोठे व्हायला लागलेले असतात, वाटतं संपलाच हिवाळा. अर्धा अजून बाकी असतो. त्या दिवशी बाहेर जाऊन चळत मोजा. निम्म्याहून कमी उरली असेल तर रात्री फर्नेस वाढवा आणि सरपण वीज जाण्याच्या रात्रींसाठी राखून ठेवा. फेब्रुवारीत सुकं लाकूड विकत मिळत नाही. जे मिळतं ते ओलं आणि महाग.

मार्चमध्ये रात्री गोठतं, दिवसा वितळतं, आणि मेपलचा रस वाहायला लागतो. चाळीस गॅलन रस आटवला की एक गॅलन काकवी. सगळ्या खोऱ्यात त्या आटवण्याची वाफ असते. त्याच दिवसांत पुढच्या वर्षाचं लाकूड मागवा, उन्हाळाभर सुकायला वेळ मिळतो. आणि लगोलग चिखल सुरू होतो. व्हरमाँटमधले निम्म्याहून अधिक रस्ते कच्चे आहेत. वरची माती वितळते, खालची गोठलेलीच राहते, पाणी मुरत नाही, आणि गाडी आसापर्यंत रुतते. सकाळी लवकर, चिखल रात्रीच्या थंडीने कडक असतो तेव्हाच, कामं उरकून या. चाकोरीत गाडी घालू नका, कडेने चालवा, आणि मधेच थांबू नका. अगदीच वाईट आठवडा असेल तर गाडी डांबरी रस्त्याच्या तोंडाशी ठेवा आणि गमबूट घालून घरी चालत या. सामानासाठी मुलांची घसरगाडी ओढत आणली तर चिखलावरूनही चालते.